‘डॅट’ आडनावाच्या फाइली

“मॅडम, इकडं या जरा. हे काय आहे ते सांगा मला.”

मी डबा धुऊन आत येत होते. आप्पा माझ्या खुर्चीत बसले होते. माऊस त्यांनी असा गच्च धरला होता, की जणू सोडला तर पळून जाईल. त्यांच्या मागे पोपटराव गायखे उभे होते. पडद्यावर एक फोल्डर उघडं होतं. त्यात वरपासून खालपर्यंत फिल्मच्या पट्टीची छोटी छोटी चित्रं, आणि प्रत्येक चित्राखाली एका गावाचं नाव आणि महिना. टाकळघाट जून. टाकळघाट जुलै. माळेवाडी जून. निंबखेड ऑगस्ट.

“दिवाळीच्या कार्यक्रमाचे फोटो शोधत होतो, पेपरला द्यायला,” आप्पा म्हणाले. “तर हे सापडलं.”

“फिलमी हायेत,” पोपटराव म्हणाले. “आमच्या गावांच्या नावानं.”

ही गोष्ट दोन हजार सहाच्या नोव्हेंबरातली. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी त्या ऑगस्टमध्ये देवखिंडच्या द्राक्ष बागायतदार संघात नोकरीला लागले होते. संघानं आसपासच्या गावांत, एकेका बागेत, हवामान केंद्रं उभी केली होती. केंद्र म्हणजे एक लोखंडी खांब आणि त्यावर तापमान, पाऊस, ऊन आणि पानाचा ओलावा मोजणारी यंत्रं. पान किती वेळ ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान किती होतं, हे कळलं की द्राक्षावर केवडा रोग कधी पडेल याचा अंदाज बांधता येतो. भागवत शेवरे मोटरसायकलवर गावोगाव जायचे, खांबाच्या पेटीतली माहिती एका डबीत भरून आणायचे आणि संगणकात टाकायचे. मी त्यावरून इशारा लिहायची. तो इशारा संध्याकाळी प्रत्येक गावच्या दूध डेअरीच्या फळ्यावर लागायचा. आप्पा, म्हणजे विष्णुपंत कडलग, संघाचे अध्यक्ष. पोपटराव टाकळघाटचे संचालक. त्यांची आई नुकतीच गेली होती. डोक्यावरचे केस अजून खुंटाएवढेच आले होते.

मी ते फोल्डर पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं. मी आमचा हवामानाचा प्रोग्राम उघडायची, यादीतून गाव निवडायची आणि समोर आलेख यायचा. फाइली कुठे ठेवलेल्या आहेत हे विचारायची वेळच आली नव्हती.

“ह्या फिल्मा नाहीत, आप्पा,” मी म्हणाले. “ही केंद्रांची माहिती आहे.”

“मग हे चित्र?”

“थांबा, पाहू.”

आप्पांनी वाट न पाहता एका चित्रावर दोनदा टिचकी मारली. काळी चौकट उघडली. खाली चालू-बंदची बटणं. चौकट काळीच राहिली आणि फाइल वाचता येत नाही, असा इंग्रजी निरोप आला.

“कुलूप लावलंय,” पोपटराव म्हणाले.

त्या वर्षी मोबाइलवरच्या क्लिपांच्या बातम्या रोज पेपरात असायच्या. कुठे कोणी चोरून चित्रण केलं, कुठे पोरीनं विहीर जवळ केली. पोपटरावांच्या मनात काय आलं ते मला उशिरा कळलं. केंद्राच्या खांबावर ऊन मोजणारं जे यंत्र असतं, त्याला वरून लिंबाएवढा काचेचा घुमट असतो. बाग छाटली की बायका तिथे दिवसभर कामाला असतात. आणि दर दोन-तीन दिवसांनी भागवतभाऊ येतात, खांबाखाली बसतात आणि त्या खांबातून काहीतरी भरून नेतात.

“तो काचंचा डोळा कशाला हाय मंग?” पोपटराव म्हणाले.

“उन्हासाठी.”

“मॅडम, गायख्यांना म्हणावं बसा, मग बोला,” आप्पा म्हणाले.

“मॅडम, चेअरमनला म्हणावं, मी उभाच बराय.”

दोघांमध्ये दोन हातांचं अंतर होतं. पण महिनाभर मी पाहत होते, ते एकमेकांशी असेच बोलायचे, माझ्या किंवा भागवतभाऊंच्या मार्फत. मला वाटायचं, जुन्या दोस्तांची काही थट्टा असेल.

मी माऊस मागून घेतला आणि फाइलींचा आकार दाखवला. “हे बघा. सिनेमा असता, तर याच्या हजारो पट मोठा असता. एवढ्याशा जागेत दहा सेकंदांचंसुद्धा चित्र मावत नाही.” मग टाकळघाटची फाइल नोटपॅडमध्ये उघडली. आकड्यांच्या ओळी खाली उतरत गेल्या. “ही तारीख, ही वेळ, हे तापमान. परवा पहाटे तुमच्या बागेत पान ओलं होतं. ऊन येईपर्यंत वाळलं नव्हतं.”

पोपटरावांनी वाकून पाहिलं. “धुकं होतं परवा,” ते स्वतःशीच म्हणाले. मग ताठ झाले. “पण चित्र फिलमचं का?”

“फाइलीच्या नावापुढे टिंब असतं आणि त्यानंतर तीन अक्षरं. ते तिचं आडनाव समजा. त्या आडनावावरून संगणक ठरवतो, ही फाइल कोणाकडे पाठवायची. आपल्या केंद्राच्या फाइलीचं आडनाव डॅट. बाजारात सिनेमाच्या सीडी मिळतात ना, त्यावरच्या फाइलींचं आडनावसुद्धा डॅट. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कोणीतरी सिनेमाचा प्रोग्राम या संगणकात टाकला. तो आत आल्या आल्या म्हणाला, डॅट आडनावाचे सगळे माझे. आणि सगळ्यांवर स्वतःचं चित्र चिकटवून मोकळा झाला.”

“कडलग सगळ्या जिल्ह्यात आहेत,” आप्पा सावकाश म्हणाले. “सगळे काही माझी भाऊकी नाही.”

“तसंच.”

मला वाटलं, झालं. मी हसलेसुद्धा. पण पोपटराव हसले नाहीत.

“कोणीतरी टाकला म्हणता,” ते म्हणाले. “कोणी? सिनेमाचा प्रोग्राम संघाच्या संगणकात कशाला लागतो?”

त्याच वेळी बाहेर मोटरसायकल थांबली. भागवतभाऊ डोक्याचा रुमाल सोडत आत आले. साधारण पस्तिशीचा माणूस, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा. गळ्यात वायरचं वेटोळं होतं.

“भागवत,” आप्पा म्हणाले, “हा पिक्चरचा प्रोग्राम तू टाकलास?”

भागवतभाऊंनी पडद्याकडे पाहिलं. मग आप्पांकडे. मग पोपटरावांकडे. त्या तीन नजरा मी आजही क्रमानं सांगू शकते.

“हो, आप्पा.”

“कशाला?”

भागवतभाऊ रुमालाची घडी घालू लागले.

“पिक्चर पाहायला?”

“हो.”

“कोणता?” पोपटराव म्हणाले.

“आता आठवत नाही.”

“आठवत नाही कसं? कसला पिक्चर होता, आठवत नाही म्हणजे?”

भागवतभाऊ खाली पाहून वायरचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. आप्पांचा चेहरा उतरला. मला वाटतं, तोवर त्यांचा माझ्या आकड्यांवर विश्वास बसत आला होता. पण कामाच्या वेळात लपून सिनेमा पाहणारा आणि त्याचं नाव न सांगणारा माणूस समोर उभा राहिला, आणि माझे आकडे बाजूला पडले.

“सोमवारी सगळ्यांनी इथं या,” आप्पा म्हणाले. “सोमवारी ठरवू. तोवर भागवत, तू कुठल्याही गावात जायचं नाही.”

“आणि सोमवारी समाधान नाही झालं,” पोपटराव माझ्याकडे पाहून म्हणाले, “तर चेअरमनला म्हणावं, मी पोलिसात जाईन. आमच्या आयाबायांचा प्रश्न आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भागवतभाऊ सामान सोपवायला आले.

“ही डबी, ही वायर. निंबखेडच्या पेटीला कुलूप नाही, तार गुंडाळलीय. माळेवाडीला कुत्रं आहे, पण नुसतं भुंकतं.”

मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. मी सकाळपासून संगणक उकरत होते. सवय म्हणा, किंवा उत्सुकता. समोर एखादं कोडं असलं की मला शांत बसता येत नाही.

“भागवतभाऊ, तो प्रोग्राम एकोणतीस मेला टाकलाय.”

“असंल.”

“आणि त्यात एकच सिनेमा लावलाय. एकदाच. सीडीवरून. नंतर त्याला कोणी हात लावलेला नाही.”

“हे सगळं दिसतं त्याच्यात?”

“दिसतं.”

“मंग पुसून टाका.”

“लपून सिनेमे पाहणारा माणूस एकच सिनेमा पाहून थांबत नाही,” मी म्हणाले. “काय होतं ते?”

ते दाराकडे गेले. मला वाटलं, निघाले. पण त्यांनी दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसले.

“मॅडम, तुम्ही ऑगस्टात आल्या. मेमध्ये आप्पांच्या हर्षदचं लग्न झालं. हजाराच्या वर माणूस. आप्पा सकाळपासून नुसते पळत होते. लग्न लागायच्या वेळी आचारी आला, म्हणाला, मठ्ठा संपत आला. आप्पा तिकडं धावले. मंगलाष्टकं त्यांनी स्पीकरवर ऐकली. पोराच्या डोक्यावर अक्षता टाकल्या नाहीत त्यांनी. दहा-बारा दिवसांनी सीडी आली. घरात पाव्हणे, टीव्हीपुढं गर्दी. मंग ती घेऊन इथं आले. म्हणले, भागवत, ही लागती का बघ. लागंना. मी समोरच्या सायबर कॅफेतून प्रोग्राम आणला, टाकला. दोघांनी बसून पाहिली. मंगलाष्टकं तीनदा मागं घेऊन पाहिली त्यांनी.”

“मग हे सांगायचं ना काल!”

“कोणापुढं?”

“आप्पांपुढे. त्यांनाच आठवलं असतं.”

“आणि मागं कोण उभं होतं?” ते म्हणाले. “पोरगी गणपतीला माहेरी गेली, ती आलीच नाही. दसऱ्याच्या आसपास वकिलाचा कागद आला. पल्लवी म्हणजे पोपटरावांची भाची. सख्ख्या बहिणीची पोरगी. सोयरीक त्यांनीच जुळवलेली. ते दोघं एका खोलीत बसतात तेच खूप आहे, मॅडम. आता त्या दोघांच्या मधी उभं राहून मी लग्नाच्या सीडीचं नाव काढू?”

मला ते दोन हातांचं अंतर आठवलं. मी त्याला थट्टा समजले होते.

“तुमची नोकरी जाईल,” मी म्हणाले.

“दुसरी बघू.”

“आणि नाव?”

त्यांनी हातातली वायर गुंडाळायला घेतली. म्हणाले, “माझी लेक टाकळघाटच्या शाळेत आहे. नववीला. आज तिला शाळेत जायचं नव्हतं. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणती, काही नाही.” त्यांनी वायर माझ्या टेबलावर नीट वेटोळी करून ठेवली. “तुम्ही बोलायचं नाही. मला शब्द द्या.”

“सीडी कशाची होती ते मी सांगणार नाही,” मी म्हणाले.

ते उठले. शब्द मी नेमका तेवढाच दिला होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

शनिवारी मी स्वतः टाकळघाटला गेले. आभाळ भरून आलेलं होतं. द्राक्षं फुलोऱ्यात होती आणि अशा हवेत तीन-चार दिवसांची माहिती चुकली तर इशारा देणार कशावरून? केंद्र पोपटरावांच्याच बागेत होतं. बायका वेलींवरचे निकामी कोंब खुडत होत्या, आणि खांबाच्या माथ्यावर, काचेच्या घुमटासकट, एक पोतं घट्ट बांधलेलं होतं.

“बंद केला ना त्यो डोळा?” एक बाई म्हणाली. हिराबाई तिचं नाव. “पोपटभाऊंनी सोता चढून बांधलं.”

“डोळा नाही हो तो. ऊन मोजायचं यंत्र आहे.”

“ऊन मोजून काय करत्या?”

“किती पडलं ते कळतं.”

“आमाला इचारायचं. लई पडतं.” बाकीच्या खिदळल्या. हिराबाई पदरानं कपाळ पुसत जवळ आली. “बाई, खरं सांगा. त्यो भागवत तसला नसंल. पाणी मागायचं आसलं तरी लांबून हाक मारतो. पण गावात लई बोललं जातंय. माझ्या सुनंनं कामाला यायचं बंद केलं.”

मी पोत्याची गाठ सोडायचा प्रयत्न केला. सुतळी भिजवून ओढलेली होती. नखं दुखली, गाठ हलली नाही. कापायला विळा मागता आला असता. पण बाग त्यांची, पोतंही त्यांचं, आणि मी संघाची नोकर. मी पेटी उघडून माहिती तेवढी भरून घेतली. तापमान होतं. उन्हाचा रकाना गुरुवार दुपारपासून शून्य होता, शून्य आणि शून्य.

“पोपटभाऊला बी दोस देऊ नका,” हिराबाई म्हणाली. “त्याची आई अशीच व्हती. कॅमेरा दिसला का पदर तोंडावर. फोटो काढला का आयुष्य कमी व्हतं म्हनायची. गेली, तव्हा दहाव्याला ठेवाया घरात एक फोटो नाय. मतदानाच्या कार्डावरचा मोठा करून आनला, तर नुसता काळा डाग. तान्ह्या लेकरावानी रडला त्यो.”

सोमवारी चौघेच होतो. आप्पा त्यांच्या खुर्चीत. पोपटराव या वेळी बसले, पण खुर्ची खिडकीकडे फिरवून. भागवतभाऊ कपाटाशी उभे.

रविवारीच मी डॅट आडनावाच्या सगळ्या फाइली पुन्हा आमच्या हवामानाच्या प्रोग्रामकडे दिल्या होत्या. आता फोल्डरमध्ये फिल्मच्या पट्ट्यांऐवजी ढगाआडून डोकावणाऱ्या सूर्याची चित्रं होती. मी ती दाखवली. एकेक फाइल उघडली, आलेख दाखवले.

“हे तुमचं म्हणणं झालं,” पोपटराव म्हणाले. “गुरुवारी पट्ट्या होत्या, आज सूर्य आहे. तुम्ही चित्रं बदलता, तर आतला मालसुद्धा बदलला असंल. मला एवढंच दाखवा, की फिलमचं आडनाव खरोखर डॅट असतं. डोळ्यानं पाहू द्या.”

शंका वाजवी होती. मी त्यांच्या जागी असते, तर हेच मागितलं असतं.

“त्यासाठी सिनेमाची एखादी सीडी लागेल,” मी म्हणाले. “माझ्याकडे नाही.”

“भागवतकडं असंल की. पाहिलीय त्यानं.”

आप्पांनी कपाळ चोळलं.

“मॅडम, तो प्रोग्राम केव्हा टाकला, हे कळतं का?”

“कळतं. एकोणतीस मेला. त्याच दिवशी एक सीडी लावली गेली. त्यातला एक भाग तीनदा मागे घेऊन पाहिलाय.”

शेवटचं वाक्य खोटं होतं. किती वेळा मागे घेतलं, याची नोंद कुठलाही प्रोग्राम ठेवत नाही. पण हे आप्पांना माहीत नव्हतं. ते मला कुठून कळलं, हे भागवतभाऊंना मात्र माहीत होतं. त्यांनी झटकन माझ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीवरच्या खताच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले.

“एकोणतीस मे,” आप्पा म्हणाले.

आप्पांनी भागवतभाऊंकडे पाहिलं. नंतर ते उठले, कमरेची किल्ली काढली आणि पाठीमागचं लोखंडी कपाट उघडलं. सत्काराच्या शाली होत्या, त्यांच्याखाली हात घालून त्यांनी एक सीडी काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. वर गणपती. खाली, फुलांच्या महिरपीत, हर्षद आणि पल्लवी.

“ही लावा.”

पोपटरावांची खुर्ची करकरली. ते वळले होते.

मी सीडी आत सरकवली. त्यातल्या फोल्डरमध्ये एकच मोठी फाइल होती. नावापुढे टिंब आणि डॅट. आणि सगळे डॅट मी आदल्या दिवशी हवामानाला दिल्यामुळे त्या लग्नावरसुद्धा ढग आणि सूर्य आला होता.

“आडनाव बघा,” मी म्हणाले. “आणि आकार बघा.”

पोपटरावांनी पुढे येऊन पाहिलं. बोट लावून तीन अक्षरं वाचली. मी टिचकी मारली. आमचा प्रोग्राम इमानेइतबारे उघडला, जरा घुटमळला, आणि त्यानं एक इंग्रजी निरोप दिला.

“काय म्हणतंय?” पोपटराव.

“हे कोणत्या गावचं हवामान आहे ते कळत नाही, म्हणतंय.”

“बरोबर म्हणतंय,” आप्पा म्हणाले.

भागवतभाऊंच्या तोंडून हसण्यासारखा आवाज निघाला आणि त्यांनी तो खोकल्यात लपवला. पण आप्पा तोवर बोलायला लागले होते, आणि माझ्याकडे पाहून नाही.

“पोपटराव, हा प्रोग्राम भागवतनं माझ्यासाठी टाकला. लग्न लागताना मी मांडवात नव्हतो. तुम्हाला माहीत आहे, मठ्ठ्यापायी. मी इथं बसून पाहिलं. गुरुवारी तुमच्यापुढं त्यानं माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही, ते तुम्हालाही कळतंय आणि मलाही.”

पोपटरावांनी भागवतभाऊंकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे, त्या ढगाच्या चित्राकडे.

“ह्यात पूर्ण लग्न हाय?” त्यांनी विचारलं. आवाज निराळाच होता.

“पूर्ण,” आप्पा म्हणाले.

“आमची बाजू पण?”

“दोन्ही बाजू.”

“लावता येईल?”

मी फाइलीवर उजवी टिचकी मारली. कोणत्या प्रोग्रामनं उघडू, असं संगणकानं विचारलं. मी सिनेमाचा प्रोग्राम निवडला. त्याखाली एक लहानसा चौकोन होता, त्यात आधीच बरोबरची खूण केलेली होती: या प्रकारच्या फाइली नेहमी याच प्रोग्रामनं उघडा. मी ती खूण काढली आणि मग होकार दिला.

सनई वाजली. तिघेही माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. नवरदेव, घोडी, फटाके. आप्पा कडेवर कोणाचं तरी मूल घेऊन इकडून तिकडे जाताना दिसले. मुलीकडची माणसं आली. पल्लवीला मी पहिल्यांदाच पाहत होते. हसरी मुलगी, मुंडावळ्या सारख्या नाकावर येत होत्या. मंगलाष्टकं सुरू झाली. कॅमेरा गर्दीवरून सरकत गेला.

“थांबवा,” पोपटराव म्हणाले.

मी थांबवलं. पडद्यावर बायकांची रांग होती. तिच्या टोकाला एक ठेंगणी म्हातारी, मुठीत अक्षता घेऊन.

“जरा मागं घ्या. आता सोडा.”

म्हातारीनं अक्षता टाकल्या. तिला कॅमेरा दिसला. तिनं झटकन पदर तोंडावर ओढला. कॅमेरेवाला काही हलला नाही. मग पदराची कड जराशी खाली आली, त्यातून एक डोळा बाहेर आला, अजून तो मेला इथंच आहे का हे पाहायला, आणि म्हातारी हसली. पुढचे दोन दात नव्हते.

“आई,” पोपटराव म्हणाले.

कितीदा मागे घेतलं, ते मी मोजलं नाही. मधेच आप्पांनी आपली खुर्ची आणून त्यांच्यामागे ठेवली आणि ते न पाहताच तिच्यावर बसले.

“ह्याची दुसरी काढता येती का?” शेवटी त्यांनी विचारलं.

“येते.”

“ही घेऊन जा तुम्ही,” आप्पा म्हणाले. “मला दुसरी चालंल.”

भागवतभाऊंनी माझ्या टेबलावरची वायर उचलून गळ्यात घातली, डबी खिशात टाकली. आपल्याला जायला परवानगी आहे का, हे त्यांनी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

“टाकळघाटपासून करतो सुरुवात,” ते मला म्हणाले. “पोतं काढायचंय.”

“तुला सुटायचं नाही ते,” पोपटराव खुर्चीतून उठत म्हणाले. “गाठ माझी हाय. थांब, मी येतो.” दारापर्यंत जाऊन ते थबकले. “शाळा किती वाजता सुटती?”

“पाचला.”

“मंग तिकडून जाऊ. तुझ्या पोरीला घेऊन मंग बागंत.”

“पोपटराव,” आप्पा म्हणाले, “चहा घेऊन जा.”

“आल्यावर घेतो,” पोपटराव म्हणाले. माझ्या मार्फत नाही.

मी खिडकीतून पाहिलं. भागवतभाऊंनी किक मारली. पोपटराव मागे बसले, शर्टाच्या आत सीडी ठेवून वर हात धरलेला.

मी ती नोकरी नंतर सोडली, पण ती माहिती अजून माझ्याकडे आहे आणि लोक ती मागतात. मध्यंतरी एका संशोधक मुलीनं मला विचारलं, की त्या नोव्हेंबरात टाकळघाटला चार दिवस उन्हाची नोंद शून्य कशी? आसपासच्या सगळ्या गावांत थोडं तरी ऊन होतं. यंत्र बिघडलं होतं का? ती ओळ गाळून टाकू का?

मी तिला कळवलं, गाळू नका. शेरा लिहा: यंत्र ठीक होतं, वरून झाकलेलं होतं.